सरफोजी महाराजांचा दत्तकवाद आणि घरच्या वाटणीचे पंच

सरफोजी महाराज म्हटले की आपल्यापैकी प्रत्येकाला सरस्वती महाल आठवतो. गावाकडून पाहुणे आले की आपण त्यांना आधी बृहदीश्वराचे देऊळ दाखवतो, मग राजवाडा, तिथला हात जोडून उभा असलेला महाराजांचा संगमरवरी पुतळा आणि शेवटी ग्रंथालय. पाहुणे खूश होतात, फोटो काढतात. पण हा विद्वान राजा गादीवर बसण्याआधी तब्बल अकरा वर्षे घरच्याच भांडणात अडकला होता, हे आपण त्यांना सहसा सांगत नाही. भांडण वारसाहक्काचे होते. ते सोडवायला पंच बसवले गेले. पहिल्या पंचांनी एक कौल दिला, दुसऱ्या पंचांनी बरोबर उलट दिला, आणि दोन्ही वेळा शास्त्र तेच होते!

मी काही इतिहासाचा अभ्यासक नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि नोकरीची बहुतेक वर्षे बांधकामाची कंत्राटे, मोजमापे आणि बिले यांत गेली. कंत्राट आले की वाद आला, आणि वाद आला की लवाद आला. म्हणून सरफोजी महाराजांचे चरित्र वाचताना माझे लक्ष ग्रंथालयाआधी या खटल्याकडे गेले. आपल्या मंडळातील गलाईवाले बंधू असोत, बँकेतले असोत, रेल्वेतले असोत की पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेली तंजावुरी मराठी मंडळी असोत, वाटणीचा प्रश्न कोणाच्या घरात नाही? तेव्हा या थोर पुरुषाचे आयुष्य यंदा या बाजूने पाहावे असे वाटले.

घराण्यातील पहिली वाटणी

तंजावूरच्या भोसले घराण्यात वाटणीचा वाद अगदी सुरुवातीपासून होता. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी उर्फ एकोजीराजे यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावूर घेतले. १६७७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज दक्षिणेच्या मोहिमेवर आले, तेव्हा त्यांनी या सावत्र भावाकडे वडिलांच्या मिळकतीतील अर्धा हिस्सा मागितला. कोळ्ळिडम नदीच्या काठी दोघे भेटले, पण बोलणे फिसकटले. पुढे लढाईही झाली. अखेर समेट झाला तो बोलाचालीनेच. त्यात रघुनाथपंत हणमंते यांचा आणि एकोजीराजांच्या पत्नी दीपाबाई यांचा मोठा हात होता, असे बखरी सांगतात. दीपाबाईंना बंगळूरचा मुलूख चोळीबांगडीसाठी दिला गेल्याचीही नोंद आहे.

ही हकिगत सांगण्याचे कारण असे, की दोघे बलाढ्य भाऊ तलवारीने जे संपवू शकले नाहीत ते दोन्ही घरांना ज्यांच्याविषयी विश्वास होता अशा माणसांनी संपवले, आणि त्यात घरची एक स्त्री होती. पुढच्या पिढ्यांना हे भाग्य लाभले नाही.

दहाव्या वर्षाचा दत्तक

सरफोजींचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ चा. भोसले कुळाच्याच एका दूरच्या शाखेतला हा मुलगा. त्या वेळी तंजावूरच्या गादीवर तुळजाजीराजे होते. त्यांचे आयुष्य संकटांत गेले. १७७३ मध्ये अर्काटच्या नवाबाने कंपनीच्या फौजेच्या मदतीने राज्यच घेतले होते. ते १७७६ मध्ये परत मिळाले, पण खजिना रिकामा आणि मुलूख उजाड. पुढे त्यांची स्वतःची मुले हयात राहिली नाहीत. आजारी अवस्थेत, जानेवारी १७८७ मध्ये, त्यांनी सरफोजींना दत्तक घेतले. मुलाला तेव्हा दहावे वर्ष चालू होते.

तुळजाजींना आपल्यामागे या मुलाचे काय होईल याची काळजी होती. त्यांनी ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन पाद्रींना मुलाचे पालक होण्याची विनंती केली. श्वार्ट्झ कितीतरी वर्षे या भागात राहिलेले, तमिळ आणि मराठी जाणणारे, आणि कंपनी व दरबार दोघांनाही विश्वास वाटेल असे गृहस्थ. त्यांनी ती जबाबदारी एकट्यावर घेतली नाही. राजांचे सावत्र भाऊ अमरसिंग यांनी मुलगा मोठा होईपर्यंत कारभार पाहावा असे ठरले. त्यानंतर थोड्याच दिवसांत तुळजाजीराजे वारले.

म्हणजे व्यवस्था अशी होती: वारस सरफोजी, कारभारी अमरसिंग. पण कारभारी स्वतःच हक्क सांगू लागला तर काय करायचे, याची तरतूद कोणी केली नव्हती. अमरसिंगांनी दत्तकच खोटा ठरवून गादीवर दावा केला.

बारा पंडितांचा कौल

हा दावा मद्रासचे गव्हर्नर सर आर्चिबाल्ड कॅम्पबेल यांच्यापुढे गेला. कॅम्पबेल यांनी बारा पंडितांचे मत घेतले. दत्तकावर मुख्य आक्षेप असे होते: मुलगा आपल्या जन्मदात्याचा एकुलता एक आहे, त्याचे वय दत्तकाला जास्त आहे, आणि दत्तक घेताना राजांची मनःस्थिती ठीक नव्हती. पंडितांनी दत्तक अवैध ठरवला. अमरसिंग राजे झाले आणि त्याच वर्षी, एप्रिल १७८७ मध्ये, कॅम्पबेल यांनी त्यांच्याशी तह करून कंपनीची देणी आणि फौजेचा खर्च बांधून घेतला.

आता आमच्या कामाच्या भाषेत हा लवाद तपासून पाहू. आपल्याकडे जुन्या काळी गोतसभा बसे, महजर होई. वादी-प्रतिवादी दोघांकडून पंचांचा निर्णय मान्य असल्याचे आधी लिहून घेतले जाई. त्याला राजीनामा म्हणत. आज राजीनामा म्हणजे नोकरी सोडणे, पण तेव्हा त्याचा अर्थ राजीखुशीने दिलेली संमती असा होता. इथे दहा वर्षांच्या मुलाचा राजीनामा कुठून येणार? त्याचा पालक म्हणून जो नेमला होता तोच समोरचा पक्ष! तुळजाजींच्या विधवा राण्या राजवाड्यातच होत्या, म्हणजे त्याही अमरसिंगांच्या ताब्यात. पंडित बसवले गव्हर्नरांनी, आणि गव्हर्नरांना तर तह करायचा होता. पंडितांना पैसे चारल्याचा आरोपही पुढे झाला. तो बाजूला ठेवला तरी एवढे उरतेच, की एका पक्षाची बाजू मांडायला तिथे कोणी नव्हते.

कोंडवासातून मद्रासला

यापुढची सहा वर्षे सरफोजींसाठी फार वाईट गेली. त्यांना राजवाड्यात जवळजवळ कैदेत ठेवले होते आणि शिक्षणाची सोय नव्हती. पुढे ज्याने हजारो ग्रंथ जमवले त्याला त्या वयात अक्षरओळखीसाठीही दुसऱ्याच्या मेहेरबानीवर राहावे लागले. श्वार्ट्झ यांनी पुन्हा पुन्हा मद्रासला लिहून तक्रारी केल्या. मुलाला शिकवू द्यावे, त्याच्या जिवाला धोका आहे, राण्यांचाही छळ होतो आहे, असे ते कळवत राहिले. अखेर १७९३ मध्ये सरफोजींना आणि तुळजाजींच्या राण्यांना कंपनीच्या संरक्षणात मद्रासला हलवण्यात आले.

मद्रासला विल्हेल्म गेरिके या दुसऱ्या जर्मन पाद्रींकडे सरफोजींचे शिक्षण सुरू झाले. इंग्रजी, भूगोल, गणित, विज्ञान असे विषय त्यांना तेव्हा मिळाले. पुढे तंजावूरला दुर्बिणी, विजेचे यंत्र, शरीरशास्त्राची चित्रे हे सारे आले त्याचे मूळ या वर्षांत आहे. मुलगा आणि राण्या राजवाड्याबाहेर पडल्या म्हणून त्यांचे म्हणणे प्रथमच वरपर्यंत पोहोचले, हेही लक्षात घ्यायला हवे. अन्याय झालेल्या माणसाला समोरच्या पक्षाच्या घरातच राहून तक्रार करायची असेल तर ती तक्रार कधी होतच नाही. आजच्या सासुरवाशिणीच्या बाबतीतही हे खरे आहे.

दुसरा कौल आणि त्याची किंमत

प्रकरण कलकत्त्याला गव्हर्नर जनरलकडे गेले. सर जॉन शोअर यांच्या काळात बंगाल आणि काशी येथील पंडितांना पुन्हा तेच प्रश्न विचारण्यात आले. त्यांनी दत्तक वैध ठरवला. एकुलता एक मुलगा देऊ नये हे शास्त्रवचन उपदेश आहे की मनाई, आणि दिलाच तर तो दत्तक रद्द होतो का, यावर मुळातच पंडितांत दोन मते होती. या मुद्द्याचा कायमचा निकाल लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८९९ मध्ये दिला, तोही मद्रास इलाख्यातीलच एका दाव्यात. एकुलत्या एका मुलाचा दत्तक एकदा झाला की तो कायदेशीर आहे, असे तेव्हा ठरले. म्हणजे सरफोजींच्या प्रश्नाचे पक्के उत्तर कायद्याला ११२ वर्षांनी मिळाले!

श्वार्ट्झ १३ फेब्रुवारी १७९८ रोजी वारले. ज्याच्यासाठी एवढी धडपड केली त्याचा राज्याभिषेक काही त्यांना पाहता आला नाही. त्याच वर्षी जूनअखेर सरफोजी गादीवर बसले. वय वीस. अमरसिंगांना पेन्शन देऊन तिरुविडैमरुदूरला ठेवण्यात आले. सरफोजींनी काकांवर सूड उगवला नाही, हा त्यांचा मोठेपणा. श्वार्ट्झ यांचे संगमरवरी स्मारक त्यांनी लंडनचे शिल्पकार फ्लॅक्समन यांच्याकडून करवून घेतले. ते शिवगंगा किल्ल्यातील चर्चमध्ये आजही आहे. परधर्माच्या गुरूचे स्मारक उभारणारा हा राजा स्वतः शेवटपर्यंत श्रद्धाळू हिंदू राहिला.

पण या दुसऱ्या निकालाचीही किंमत द्यावी लागली. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने सरफोजींनी राज्याचा सगळा कारभार कंपनीच्या हाती दिला. त्यांच्याकडे तंजावूरचा किल्ला आणि लगतचा थोडा भाग, वर्षाला एक लाख स्टार पॅगोडा आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. लहानपणी ऐकलेली दोन मांजरे, लोण्याचा गोळा आणि तराजू घेऊन बसलेले माकड यांची गोष्ट इथे आठवते. काका-पुतण्याच्या भांडणात दोन्ही वेळा पंच कंपनीनेच बसवले, आणि दोन्ही वेळा तहही कंपनीनेच करून घेतला. दुसरा निकाल न्यायाचा होता असे मला वाटते. पण तो देणाऱ्याचे हात मोकळे नव्हते.

राजा म्हणून सरफोजी

राज्य गेले तरी माणूस खचला नाही. पुढची सुमारे ३२ वर्षे सरफोजींनी जे केले त्यामुळेच आज आपण तंजावूरचे नाव अभिमानाने घेतो. १८०३ मध्ये त्यांनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरवला. देशातील सर्वांत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. देवनागरी टाइप पाडून छापखाना काढला आणि इसापनीतीचे मराठी भाषांतर छापले. धन्वंतरी महालात वैद्य आणि हकीम यांच्या औषधांची पडताळणी होई, आणि डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी चित्रांसह ठेवल्या जात. १८२० ते १८२२ या काळात त्यांनी काशीयात्रा केली आणि येताना ग्रंथ आणले. भरतनाट्यमची आजची मांडणी करणारे चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चौघे भाऊ याच दरबारच्या आश्रयाचे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने मला त्यांची छत्रे महत्त्वाची वाटतात. छत्र म्हणजे वाटसरू आणि यात्रेकरू यांच्यासाठी अन्नछत्र आणि धर्मशाळा. रामेश्वरच्या वाटेवर ही छत्रे तंजावूरच्या राजांनी बांधली, आणि त्यांतील कितीतरी राण्यांच्या नावांची आहेत. तिरुवारूरच्या गाडीने जाताना नीडामंगलम जंक्शन लागते, तिथले यमुनांबाळ छत्र हे त्यांपैकीच. सरफोजींनी १८०२ मध्ये ओरत्तनाडला मुक्तांबाळ छत्र बांधले. मुक्तांबाळ ही त्यांची सहचारिणी, पण तिला विवाहित राणीचा दर्जा नव्हता. तरीही एवढ्या मोठ्या धर्मकार्याला त्यांनी तिचे नाव दिले.

१८०१ मध्ये कंपनी या छत्रांच्या जमिनी घेईल अशी भीती निर्माण झाली, तेव्हा सरफोजींनी रेसिडेंट टॉरिन यांना एक सविस्तर पत्र लिहिले. त्यात छत्रांत काय काय चालते ते त्यांनी सांगितले आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत येणाऱ्या प्रत्येकाला जेवण, आजाऱ्याला वैद्य आणि पथ्य, मुलांना शिक्षक, पोरक्या मुलांचा सांभाळ आणि वाटेत प्रसूत होणाऱ्या स्त्रीची काळजी. माझे राज्य घ्या, पण हे मोडू नका, असा त्या पत्राचा भाव आहे. ज्या मुलाला स्वतःच्या घरात कोणी वाली नव्हता, त्याला पोरक्या मुलांची आणि एकट्या स्त्रियांची आठवण राहिली यात नवल नाही.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजी महाराजांचे निधन झाले.

नातीचा हक्क

त्यांच्यामागे पुत्र शिवाजीराजे गादीवर आले. २९ ऑक्टोबर १८५५ रोजी ते वारले. मुलगा नव्हता. पंधराहून अधिक राण्या आणि दोन मुली मागे राहिल्या. रेसिडेंट फोर्ब्स यांनी मुलीला वारस मानावे अशी शिफारस केली. लंडनच्या संचालकांनी ती फेटाळली. हिंदू राजाच्या मुलीला गादीचा हक्क नाही, असे सांगून त्यांनी राज्य खालसा केले. हे ठरवणारा कोण? ज्याला ते राज्य मिळणार होते तोच! एवढ्यावर न थांबता ऑक्टोबर १८५६ मध्ये राजवाड्यातील खासगी मालमत्ताही जप्त झाली.

थोरल्या राणी कामाक्षीबाईसाहेब स्वस्थ बसल्या नाहीत. त्यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला आणि तिथे त्या जिंकल्या. कंपनी सरकारचे अपील लंडनला गेले. १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने सांगितले, की ही जप्ती राज्यसत्तेचे कृत्य आहे, तिचा न्याय करण्याचा अधिकार कोणत्याही कोर्टाला नाही. कायद्याच्या पुस्तकांत हा दावा आजही शिकवला जातो. मात्र दाव्यामुळे गवगवा झालाच. १८६२ मध्ये सरकारने खासगी मालमत्ता राण्यांना परत केली, आणि शेवटच्या राणीनंतर ती राजकन्येकडे जावी असे ठरवले.

मग राण्यांमध्येच वाद झाला. थोरलीचा हक्क मोठा की सर्वांचा सारखा? १८६८ मध्ये मद्रास हायकोर्टाने निर्णय दिला, की सर्व विधवांचा उपभोगाचा हक्क समान आहे आणि थोरलीने व्यवस्था पाहावी. व्यवस्था एकीकडे आणि मालकी सर्वांची, हा फरक १७८७ मध्ये अमरसिंगांना कोणी सांगितला असता तर!

सरफोजींच्या घराण्याची कथा ही अशी आहे. दत्तक मुलाला जन्मलेल्या मुलाइतकाच हक्क असतो या तत्त्वावर त्यांना गादी मिळाली. आणि जन्मलेल्या मुलीला तो नसतो या सबबीवर ती गादी त्यांच्या नातीच्या हातून गेली.

आजचा कायदा आणि आपली घरे

आज गाद्या नाहीत, पण सातबारा आहे. १९५६ च्या कायद्यांनी बरेच बदलले. मुलगी दत्तक घेता येऊ लागली, विधवा आणि अविवाहित स्त्री स्वतःच्या हक्काने दत्तक घेऊ शकते असे झाले, आणि वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलगा, मुलगी, विधवा यांना सारखा वारसा मिळाला. या सुधारणांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिलावर मंत्रिपद पणाला लावले होते आणि १९५१ मध्ये ते सोडले, हे विसरता येणार नाही. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला जन्मतः हिस्सा द्यायला मात्र आणखी वेळ लागला. तमिळनाडूने तो १९८९ मध्ये दिला, महाराष्ट्राने १९९४ मध्ये, पण दोन्हीकडे आधी लग्न झालेल्या मुली वगळून. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने हा भेद काढला. वडील २००५ मध्ये हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्माचा आहे, असे सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या कायम राहिल्या.

आपल्यापैकी कित्येकांची जमीन गावाकडे आहे. सणाला किंवा जत्रेला सगळे जमले की वाटणीचा विषय निघतो. चार जाणती माणसे बसतात, सहसा भाऊबंदच. वाटणीपत्राचा कच्चा कागद तयार होतो आणि बहिणींना हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावले जाते. बहीण सही करते, कारण माहेर तुटू नये. तिने समजून-उमजून, खुशीने हक्क सोडला तर कायद्याचा काही आक्षेप नाही. पण ती चर्चेला बसलीच नव्हती, तिला जमीन किती, किंमत किती हे सांगितले नव्हते, तर ती सही राजीखुशीची म्हणता येईल का? साडीचोळी आणि हिस्सा या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

लवादाचे पुढे काय?

कौटुंबिक वादात लवाद चालतो का, असे मला मित्र विचारतात. १९९६ च्या लवाद कायद्याखाली सज्ञान भाऊ-बहिणींना मिळकतीच्या वाटणीसाठी लवाद नेमता येतो. लग्न, घटस्फोट, मुलांचा ताबा, पालकत्व असे प्रश्न मात्र कोर्टच ठरवते. २०११ च्या एका निर्णयात सुप्रीम कोर्टाने ही यादी दिली आहे. म्हणजे अमरसिंगांसारखा कारभारी आज खासगी पंच बसवून अज्ञान मुलाचे पालकत्व आपल्याकडे ठेवू शकणार नाही. याशिवाय लोकअदालती आहेत, १९८४ च्या कायद्याने झालेली कुटुंब न्यायालये आहेत, आणि २०२३ मध्ये संसदेने मध्यस्थीचा स्वतंत्र कायदाही केला. कोर्टांवरचा भार पाहता पुढची वाट याच दिशेने जाणार.

त्या वाटेवर एक मोठा दगड होता. तो हलवणारा निर्णय रेल्वेच्याच प्रकरणात आला, म्हणून सहकाऱ्यांना तो ठाऊक असेल. आमच्या कंत्राटांत अशी तरतूद असे, की वाद झाला तर रेल्वे आपल्या निवृत्त अधिकाऱ्यांची काही नावे देईल आणि कंत्राटदाराने त्यांतूनच निवडावे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले, की सरकारी संस्थेने नावांची यादी ठेवावी, पण समोरच्याला त्यातूनच निवडण्याची सक्ती करू नये. दोन्ही पक्षांना समान वागणूक ही लवाद नेमण्याच्या वेळेपासूनच हवी. एकाच पक्षाने लवाद नेमायचा हे घटनेच्या १४ व्या कलमातील समानतेला धरून नाही.

यातले बहुतेक निवृत्त अधिकारी सचोटीचेच असतात. पण प्रश्न त्यांच्या सचोटीचा नाही. १७८७ च्या बारा पंडितांतही विद्वान असतीलच. समोरच्याला विश्वास वाटला पाहिजे, आणि पंच निवडण्यात त्याचाही वाटा असेल तरच तो वाटतो. रेल्वेच्या कंत्राटदाराला जो समान हक्क आता मिळाला, तो आपल्या घरातल्या बहिणीला, विधवा वहिनीला आणि पोरक्या पुतण्याला का नसावा? घरच्या वाटणीला पंच बसवताना एक नाव त्यांनाही सुचवू द्यावे, कागदपत्रे सर्वांना आधी दाखवावीत, ज्याचा हिस्सा वाढणार आहे त्याने पंचात बसू नये, आणि लहान मुलाच्या वतीने बोलायला निराळा माणूस असावा. एवढे पाळले तर बहुतेक घरांची भांडणे घरातच मिटतील.

पुढच्या वेळी पाहुण्यांना राजवाडा दाखवाल तेव्हा त्या पुतळ्यापुढे दोन मिनिटे जास्त थांबा आणि त्यांना ग्रंथांबरोबर या खटल्याचीही गोष्ट सांगा. विघ्नहर्ता सर्वांच्या घरी सलोखा आणि न्याय दोन्ही नांदवो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!